तळ्यातला आडोसा : नवी मुंबईतील एका गावठाण तलावाच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज सकाळी सात ते साडेनऊ या वेळेत तलावाची पहिली पद्धतशीर पाहणी केली. कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यातील इतर गावठाण तलावांप्रमाणेच हा तलावही एके काळी गावाचा होता. गुरे येथेच पाणी पीत, कपडे येथेच धुतले जात आणि पावसाळ्यात गावातली मुले येथेच मासे धरत. पुढे चहूबाजूंनी सेक्टर उभे राहिले, तलावाचे सुशोभीकरण झाले, गाळ काढला गेला, उभी दगडी संरक्षक भिंत आली, फरसबंदी झाली आणि दिवे लागले. पाणी पूर्वीपेक्षा निश्चितच स्वच्छ आहे आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. मात्र काठाचे लव्हाळे, पाणकणीस, पाण्यात वाकलेल्या बाभळीच्या फांद्या आणि उथळ चिखलाचा उतार हे सर्व त्या कामात गेले. आता भिंतीच्या पायथ्याशीच पाच फूट पाणी आहे आणि तळ घमेल्यासारखा गुळगुळीत आहे.

या तलावात माशांना लपायला आडोसा करण्याच्या प्रकल्पाची कल्पना ज्या निरीक्षणातून निघाली ते येथे लिहून ठेवतो. आज तलावावर सहा छोटे पाणकावळे होते. चाळीस मिनिटांत मोकळ्या पाण्यात मारलेल्या बुड्यांपैकी तेवीस वेळा पक्षी चोचीत मासा घेऊन वर आलेला मी मोजला. विसर्जनाचा भाग वेगळा करण्यासाठी तलावात गॅबियन भिंत आहे, म्हणजे लोखंडी जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत. तिच्या कडेलाही पाणकावळ्यांनी बऱ्याच बुड्या मारल्या, परंतु तेथे एकदाही मासा हाती लागला नाही. भिंतीजवळ जाऊन पाहिले तेव्हा दगडांच्या फटींच्या तोंडाशी बोटाएवढे मासे दाटीने उभे होते आणि माझी सावली पडताच ते आत शिरले. एवढ्या मोठ्या तलावात माशांना लपायला ही एकच जागा उरली आहे आणि तीही अनवधानाने तयार झालेली आहे.

२८ जानेवारी

विसर्जनासाठी वापरला जाणारा तराफा सुरक्षारक्षकांच्या उपस्थितीत घेऊन खोली मोजली. फुटाफुटावर रंगाची खूण केलेला बांबू आणि टोकाला दगड बांधलेली दोरी, एवढेच साहित्य होते. तलाव अंदाजे ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. मध्यभागी ९ फूट पाणी आहे, दक्षिणेकडे ६ ते ७ फूट आणि उत्तरेकडे भिंतीपासून दहा-बारा पावले आतपर्यंत ४ ते ५ फुटांचा सपाट टप्पा आहे. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी सेक्की तबकडी वापरली. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये ही पद्धत प्रथम वापरली. आमची तबकडी म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाचे डब्याचे झाकण असून त्यावर काळे-पांढरे चतकोर रंगवले आहेत. ती ४२ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. पाण्याला हिरवट झाक आहे, म्हणजे सूक्ष्म शैवाल भरपूर आहे. पाण्यात खाद्य आहे, पण त्याला चिकटून वाढायला पृष्ठभाग नाही आणि माशांना ते निर्धास्तपणे खाता येईल अशी जागा नाही.

सर्वांत खोल जागी काहीही ठेवायचे नाही हे आजच ठरले. तेथे गाळ साचतो, उन्हाळ्यात तळाजवळचे पाणी वरच्या पाण्यात नीट मिसळत नाही आणि प्राणवायू कमी राहतो. मासे जेथे थांबूच शकत नाहीत तेथे आडोसा करणे म्हणजे साहित्य वाया घालवणे होय. उत्तरेचा ४ ते ५ फुटांचा टप्पा आणि तो जेथे खोल पाण्यात उतरतो ती कड, एवढाच भाग आपल्या कामाचा आहे.

११ फेब्रुवारी

गावठाणातील ज्येष्ठ मासेमार काकांकडे तासभर बसलो. ते आजही खाडीत जातात आणि या तलावात त्यांनी लहानपणापासून पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकलेला आहे. आमच्या सेक्टरातील सात-आठ रहिवाशांनी वाचून आणि चर्चा करून आडोशासाठीच्या वस्तूंची जी यादी केली होती, ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि निम्मी बाद केली.

पहिला मुद्दा जुन्या टायरांचा होता. एका सभासदाच्या ओळखीने पन्नास टायर फुकट मिळत होते. टायर ठेवू नयेत असे माझेही मत होते. अमेरिकेत फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलजवळच्या समुद्रात १९७० च्या दशकात माशांना आसरा म्हणून सुमारे वीस लाख टायर टाकले गेले. त्यांचे बांध सुटले, ते तळावर घरंगळत राहिले, नैसर्गिक प्रवाळावर आदळले आणि पुढे ते काढण्यासाठी लष्करी गोताखोरांची मदत घ्यावी लागली. काकांनी हे ऐकून एवढेच म्हटले, "सर, जे कुजत नाय आनि आपल्याला बाहेर काढता येत नाय, ते पान्यात टाकूच नका." हा नियम मी प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

दुसरा मुद्दा लाकडाचा. कण्हेर विषारी असल्याचे आम्हाला ठाऊक होते, परंतु करंजाची फांदी नको हे काकांनी सांगितले. करंजाच्या बिया आणि मुळे मासे गुंगवण्यासाठी पूर्वापार वापरली गेली आहेत, हे नंतर वाचनातही आढळले. आंबा, चिंच आणि बाभूळ चालेल, गुलमोहर ठिसूळ असल्यामुळे लवकर जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. पाण्यात फांद्या रोवून मासे जमवण्याची रीत फार जुनी आहे. बांगलादेशात नद्यांच्या आणि 'बिल' म्हणजे सखल पाणथळ जागांच्या उथळ पाण्यात अशा फांद्यांच्या राशीला 'काठा' म्हणतात आणि पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमध्ये तिला 'अकाजा' म्हणतात. अमेरिकेतील अनेक तलावांत नाताळानंतर टाकून दिलेली झाडे वजन बांधून बुडवली जातात. आपल्या परिसरातही अशी साधने आहेत. पावसाळ्यापूर्वी सेक्टरातील झाडांची छाटणी होते आणि त्या फांद्या ट्रकने कचऱ्यात जातात.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याविषयी आमच्या गटात गैरसमज होता. काहींना वाटत होते की आडोसा केला की रोहू, कटला, मृगळ आपोआप वाढतील. हे तिन्ही मासे पावसाळ्यात वाहत्या नदीच्या पाण्यात अंडी घालतात आणि अशा साचलेल्या तलावात सहसा प्रजनन करत नाहीत. म्हणूनच त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत आणून सोडावी लागते. फांद्या टाकल्याने रोहूची संख्या वाढणार नाही, मात्र सोडलेल्या बोटुकलीपैकी जास्त वाचतील आणि फांद्यांवर वाढणारे शेवाळ खाऊन रोहू पोसला जाईल. याच तलावात अंडी घालणारे मासे, म्हणजे मरळ, डोख, शिंगटी आणि चिंगळ्या माशांच्या जाती, यांना मात्र दडण मिळाले तर त्यांची पिढी वाचू शकेल. आमचा प्रकल्प मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी आहे, हे सर्वांनी मान्य केले.

३ मार्च

लेखी परवानगी मिळाली. विसर्जनाच्या भागात काहीही ठेवायचे नाही, प्रत्येक रचना दोरीने बाहेर काढता आली पाहिजे, पाण्यात उतरणाऱ्यांसाठी सूचनाफलक लावायचा आणि हिवताप प्रतिबंधक कर्मचाऱ्यांना डासांच्या अळ्या तपासू द्यायच्या, अशा अटी आहेत. सर्व अटी योग्य आहेत.

आजच उत्तरेच्या टप्प्यावर पाच चाचणी काठ्या रोवल्या : दोन बांबूच्या, एक चिंचेची, एक आंब्याची आणि एक गुळगुळीत पीव्हीसी नळी.

३१ मार्च

चार आठवड्यांनी काठ्या वर काढल्या. बांबूची काठी पांढऱ्या प्लास्टिकच्या तसराळ्यात पाण्यासह आडवी ठेवली आणि भिंगाने पाहिली. पृष्ठभागावर बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचा हिरवट-तपकिरी थर धरला होता आणि तो हाताला साबणासारखा बुळबुळीत लागत होता. त्या थरात मातीच्या कणांनी विणलेल्या सुतासारख्या बारीक नळ्या होत्या. सुईने एक नळी उघडल्यावर आतून लालसर अळी वळवळत बाहेर आली. ती न चावणाऱ्या चिलटासारख्या किड्याची अळी असून लहान माशांचे हे आवडते खाद्य आहे. पेराच्या खाचेत गोगलगायीच्या अंड्यांचा पारदर्शक जेलीसारखा ठिपका होता आणि तसराळ्याच्या कोपऱ्यात काचेसारखी आरपार दिसणारी, नखाएवढी दोन कोळंबीची पिल्ले सापडली. साऱ्या तलावाच्या गुळगुळीत तळावर जे आढळले नव्हते ते हातभर बांबूवर महिनाभरात आले होते.

चिंचेच्या सालीच्या भेगांत थर याहून जाड होता. आंब्याच्या काठीवर तो मध्यम होता. पीव्हीसीवर मात्र पातळ शेवाळ होते आणि ते बोटाने पुसताच निघाले. चाचणी लहान आहे हे मान्य करूनही खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभाग अधिक उपयोगी पडतो हे उघड दिसते. बांगलादेशात मत्स्यतळ्यात बांबू रोवून रोहूचे उत्पादन वाढवण्याचे जे प्रयोग झाले ते याच तत्त्वावर झाले होते.

२८ एप्रिल

जुड्या बांधण्याचे काम सुरू झाले. सोसायटीच्या मागील मोकळ्या जागेत नऊ जण होते. एका जुडीत सहा फूट लांबीच्या पाच फांद्या असतात, मध्ये एक बांबू असतो आणि बुडाशी डबर भरलेले काथ्याच्या जाळीचे गाठोडे बांधलेले असते. डबर जुन्या बांधकामाचा आहे. नव्याने ओतलेले सिमेंटचे ठोकळे घेतले नाहीत, कारण ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी होते. बांबू पोकळ असल्यामुळे तरंगतो, म्हणून प्रत्येक पेरात ड्रिलने दोन भोके पाडली. एक पाणी आत येण्यासाठी आणि दुसरे हवा बाहेर जाण्यासाठी. एकच भोक पाडलेला बांबू टबात बुडवून पाहिला तेव्हा तो अर्धा तास तसाच तरंगत राहिला होता.

फांद्यांमधील अंतरावर बराच वेळ गेला. फार विरळ ठेवल्या तर पाणकावळा आणि मोठा मरळ दोघेही आत शिरतात आणि फार दाट ठेवल्या तर लहान मासेही आत जात नाहीत, शिवाय आतले पाणी खेळते राहत नाही. जुडीच्या गाभ्यात दोन बोटे आणि बाहेरच्या बाजूला वीतभर, असे अंतर काकांनी हाताने दाखवून निश्चित केले. गॅबियन भिंतीच्या ज्या फटींत मासे दिसले होते त्यांचे मापही साधारण तेवढेच भरले होते.

१२ मे

सकाळी सहा ते अकरा. पहिल्या सहा जुड्या उत्तरेच्या कडेवर उतरवल्या. प्रत्येकीचे टोक पाण्याच्या एक फूट खाली राहील असे पाहिले. जागेची नोंद भिंतीवरील दिव्याच्या खांबांच्या क्रमांकावरून केली आहे.

१६ मे, गुरुवार

ही नोंद सविस्तर करणे भाग आहे, कारण चूक आमची होती आणि ती पुन्हा होता कामा नये.

पहाटे साडेपाचला फिरायला आलेल्या एका बाईंनी फोन केला. मी पावणेसहाला पोहोचलो तेव्हा खांब क्रमांक ११ ते १३ समोरच्या पाण्यात शेकडो लहान मासे तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेत होते. त्यांची तोंडे उघडझाप करत होती आणि पाण्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येत होता. सात रोहू, प्रत्येकी वीतभर लांबीचे, मरून काठाला लागले होते. पाण्याला कुजका वास होता आणि तेथे ते काळपट दिसत होते. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या थेंबांच्या संचाने विरघळलेला प्राणवायू तपासला. तो लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमच्या दरम्यान आला. या माशांना तो ५ च्या आसपास लागतो. गॅबियन भिंतीजवळ त्याच वेळी तो ४ पेक्षा जास्त होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. रविवारी शेवटच्या तीन जुड्या बांधताना चिंचेच्या फांद्या कमी पडल्या, म्हणून आदल्या दिवशी छाटलेल्या सुबाभळीच्या फांद्या पाल्यासह घातल्या गेल्या होत्या. पाला काढून टाकण्याचे ठरलेले असताना उन्हाच्या घाईत ते राहिले आणि तपासणीची जबाबदारी माझी होती. हिरवा पाला पाण्यात कुजू लागला की जिवाणू प्राणवायू झपाट्याने वापरतात. मे महिन्यातील कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो आणि रात्री शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबल्यामुळे पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते. तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळून आल्या.

आठ वाजेपर्यंत तिन्ही जुड्या दोऱ्यांनी ओढून बाहेर काढल्या. पाला हाताला लगद्यासारखा लागत होता. उद्यानाच्या पंपाने दोन तास पाणी उंचावरून परत तलावात सोडले आणि दहाच्या सुमारास मासे खाली गेले. मेलेल्या सात रोहूंची नोंद परवानगी देणाऱ्या विभागाला लेखी कळवली. यापुढे प्रत्येक फांदी निष्पर्ण करून किमान तीन आठवडे उन्हात वाळवल्याशिवाय पाण्यात जाणार नाही.

२ जून

समुद्रातील मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते, त्यामुळे काका आणि त्यांचे दोन पुतणे आज पूर्ण दिवस मोकळे होते. वाळवलेल्या बारा जुड्या उतरवल्या. आता एकूण पंधरा जुड्या पाण्यात आहेत.

गावठाणातील एक जुने कौलारू घर पाडले जात होते. त्याची दीडशे मंगळुरी कौले मिळाली. प्रत्येकी दहा-दहा कौले एकमेकांना टेकवून, मध्ये पोकळी राहील अशा राशी करून ती तळाशी मांडली. शिंगटीसारखा तळाशी राहणारा मासा अंधाऱ्या पोकळ्या पसंत करतो. याशिवाय बारा मडकी आणि एका सभासदाने आणलेल्या वीस पीव्हीसी नळ्यांचे तुकडे ठेवले. नळ्यांवर शेवाळ धरत नाही हे ठाऊक होते, पण लपायला उपयोग होईल असे वाटले.

काकांनी एक आग्रह धरला. ईशान्य कोपऱ्यातील एका जुडीचे शेंडे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत असावेत, कारण मरळ अंडी घालताना वर आडोसा शोधतो. हिवताप विभागातील कर्मचाऱ्यांची हरकत अशी होती की पृष्ठभागावरील काटक्यांच्या आडोशाने डासांच्या अळ्याही वाचतात. ती हरकत रास्त होती. शेवटी एकाच कोपऱ्यात, दोन मीटरच्या आत, हे करायचे आणि दर आठवड्याला पळीने पाणी उचलून अळ्या मोजायच्या, असे ठरले. त्या कोपऱ्यात गप्पी मासे आधीपासूनच भरपूर आहेत.

१६ जून

मोसमी पाऊस ९ जूनला मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले, मात्र तलावाची पातळी अद्याप फारशी वाढलेली नाही. पहिल्या पावसात काका सवयीने तलावाच्या पश्चिम टोकाला येऊन उभे राहिले होते. पूर्वी तेथून एक ओहोळ तलावात उतरत असे आणि पहिल्या पाण्याला वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध जाणारे, मासे त्या ओहोळाने वर चढत. आता तेथे भिंत आहे आणि पावसाचे पाणी भुयारी गटारातून जाते. या विषयावर स्वतंत्र अर्ज करावा लागेल.

पळीने उचललेल्या वीस नमुन्यांत अळ्या : शून्य.

१४ जुलै

जोरदार पावसानंतर क्रमांक ९ ची जुडी उलटी होऊन तरंगत होती. तिचे डबराचे गाठोडे काथ्याऐवजी सुतळीने बांधले गेले होते आणि सुतळी सहा आठवड्यांत कुजली. नायलॉन टिकाऊ असला तरी त्याचे धागे सुटून मासे आणि पक्षी अडकतात, म्हणून तो वापरायचा नाही यावर आम्ही ठाम आहोत. इतर सर्व गाठी तपासल्या. काथ्या शाबूत आहे.

४ ऑगस्ट

सकाळी पावणेआठला ईशान्य कोपऱ्यात पाण्यावर शेंदरी रंगाचा, साधारण पुरीच्या आकाराचा डाग दिसला. प्रथम निर्माल्यातील झेंडूच्या पाकळ्या असाव्यात असे वाटले. मग तो डाग एकदम खाली बुडाला, अर्ध्या मिनिटाने हातभर अंतरावर पुन्हा वर आला आणि पाणी खदखदल्यासारखे हलले. तो मरळीच्या पिल्लांचा थवा होता. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे आणि पिल्लांनाही थोड्या थोड्या वेळाने हवेसाठी वर यावे लागते. ती आली की संपूर्ण थवा एकदम येतो. प्रत्येक पिल्लू तांदळाच्या दाण्याहून थोडे लांब होते, अंगावर शेंदरी पट्टा होता आणि ती सर्व एकमेकांभोवती अखंड फिरत होती.

त्यांच्या खाली, दीड फुटावर, काटक्यांच्या सावलीत एक मोठा मरळ स्थिर उभा होता. त्याचे कल्ले तेवढे हलत होते. भिंतीवरून एक वंचक (तळ्याकाठचा लहान बगळा) पाण्याकडे झुकला तेव्हा तो मासा सरळ वर आला, पाण्यावर शेपटीचा फटका बसला आणि वंचक मागे सरला. त्याच क्षणी शेंदरी डाग काटक्यांखाली नाहीसा झाला. मी चाळीस मिनिटे थांबलो. थवा जुडीपासून तीन-चार फुटांपलीकडे एकदाही गेला नाही.

काकांना फोन केला. ते सायकलवरून आले, बराच वेळ काही न बोलता बघत उभे राहिले आणि मग त्यांनी सांगितले की या तलावात मरळीची पिल्ले त्यांनी भिंत झाल्यापासून पाहिलेली नाहीत. बातमी बाहेर गेली तर रात्री कोणी गळ टाकेल, म्हणून आठ दिवस कोणालाही सांगायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. मरळ बाजारात महाग जातो. पिल्लांजवळचा पालक मासा धरला गेला तर पिल्ले दोन दिवसही टिकत नाहीत.

पळीचे नमुने : वीसपैकी एकात दोन अळ्या. संबंधित कर्मचाऱ्यांना कळवले.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी होती. विसर्जन गॅबियन भिंतीच्या आतील भागातच झाले. आपल्या जुड्यांना धक्का लागलेला नाही. निर्माल्य वेगळे गोळा झाले, तरी भिंतीच्या अलीकडे काही हार तरंगत आले होते. ते सकाळी जाळीने काढले.

१३ ऑक्टोबर

परवानगी घेऊन काकांनी पाच ठिकाणी पाग टाकला. दोन ठिकाणी मोकळ्या पाण्यात, एकदा गॅबियनजवळ आणि दोनदा जुड्यांच्या कडेला, काटक्यांत जाळे अडकणार नाही एवढे अंतर राखून. मासे पाण्याच्या टबात मोजून लगेच सोडले. मोकळ्या पाण्यात दोन्ही वेळा मिळून ९, गॅबियनजवळ २६ आणि जुड्यांजवळ ३१ व ४४. यातील बहुसंख्य चिंगळी जातीचे आणि लहान चिलापी होते. शिंगटी चार, डोख दोन आणि बोटाएवढे मरळ तीन.

यातून तलावातील मासे वाढले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण मोकळ्या पाण्यातील मासे जुड्यांजवळ येऊन थांबले तरी आकडे असेच दिसतील. बोटाएवढे तीन मरळ मात्र या वर्षीच्या पावसाळ्यातले आहेत हे निश्चित, आणि ते कोठून तरी वाचून येथवर पोहोचले आहेत.

चिलापीची संख्या मला खटकते. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिला आमच्या आडोशाची फारशी गरज नाही. तरीही पिल्लांना आश्रय मिळाल्याने तीही जास्त वाचत असणार.

याहून गंभीर गोष्ट नळ्यांची आहे. वीसपैकी आठ नळ्या वर काढल्या तेव्हा तीन नळ्यांत सकर मासे निघाले. हा दक्षिण अमेरिकेतील, काटेरी कवचाचा मासा घरातील मत्स्यालयांतून आणून कोणीतरी तलावात सोडलेला असतो. त्याचा नर बिळासारख्या पोकळीत अंडी राखतो आणि आम्ही नेमकी तशीच पोकळी त्याला करून दिली होती. एका नळीच्या आत पिवळसर अंड्यांचा घोस चिकटलेला होता. सर्व नळ्या आजच बाहेर काढल्या. मडक्यांपैकी ज्यांचे तोंड लहान होते ती पाचही काढली. कौलांच्या राशी दोन्ही बाजूंनी उघड्या असल्यामुळे तेथे सकर सापडला नाही आणि शिंगटी मात्र त्यांच्याच जवळ मिळाली, म्हणून त्या तशाच ठेवल्या आहेत.

२४ नोव्हेंबर

पाणकावळे परत आले. आज सात होते. जानेवारीत मोजले त्याच पद्धतीने, त्याच वेळी, चाळीस मिनिटे मोजले. मासा घेऊन वर आल्याच्या खेपा : मोकळ्या पाण्यात १४, जुड्यांच्या पट्ट्यात ३. जुड्यांवर बुड्या बऱ्याच झाल्या, पण बहुतेक पक्षी रिकाम्या चोचीने वर आले. एक पक्षी जुडी क्रमांक ४ च्या बाहेरच्या फांद्यांपर्यंत जाऊन वळताना पाण्यात पाहण्याच्या बादलीतून स्पष्ट दिसला. या बादलीला तळाच्या जागी पारदर्शक ॲक्रिलिक बसवले आहे. त्या वेळी जुडीच्या गाभ्यातले मासे हललेही नव्हते.

पक्ष्यांचेही पोट भरले पाहिजे आणि ते मोकळ्या पाण्यात भरते आहे, हेही समाधानाचे आहे.

८ डिसेंबर

पंधरापैकी सहा जुड्या तपासणीसाठी वर घेतल्या. चिंच आणि बाभूळ घट्ट आहेत, नखाने साल निघत नाही. आंब्याच्या बारीक काटक्या मऊ झाल्या असून जाड फांद्या ठीक आहेत. काकांनी नको म्हटले असतानाही प्रयोगासाठी एका जुडीत गुलमोहर घातला होता, तो हाताने मोडला. ती जुडी बदलली. काथ्याच्या दोन गाठी नव्याने बांधल्या. चार फूट लांबीच्या एका बांबूवर एका बाजूने गोगलगायींची अंडी इतकी दाट होती की ती बाजू खाली करून तो हळूच परत पाण्यात सोडला.

पश्चिम टोकाच्या ओहोळाबाबतचा अर्ज आज तयार झाला. भिंतीचा केवळ वीस फुटांचा भाग काढून तेथे दगड-मातीचा उतार करावा, त्यावर लव्हाळे आणि पाणकणीस लावावे आणि पावसाचे पाणी तेथूनच तलावात यावे, अशी मागणी आहे. सोबत खोलीचा नकाशा, या नोंदींच्या प्रती आणि ४ ऑगस्टची तीन छायाचित्रे जोडली आहेत. काकांनी अर्जावर सही करण्यापूर्वी नकाशावर ओहोळाची जुनी वाट पेन्सिलने स्वतः काढून दिली. ती आम्ही आखलेल्या रेषेपेक्षा चार हात उत्तरेला होती, म्हणून नकाशा दुरुस्त करून पुन्हा छापायला दिला आहे.